भिंतीवरील वॉशिंग्टन : व्हिक्टर अर्नॉटोफच्या शालेय भित्तिचित्रमालिकेची चिकित्सा

प्रास्ताविक

कलासंग्रहालयातील चित्र पाहण्यासाठी प्रेक्षक स्वतःहून जातो. शाळेच्या जिन्यातील चित्र मात्र विद्यार्थ्याला पाहावेच लागते. सार्वजनिक कलेच्या विवेचनात हा भेद सहसा गृहीत धरला जातो आणि म्हणूनच तो पुरेसा तपासला जात नाही. चौकातील पुतळ्याला वळसा घालून जाता येते, पोस्ट ऑफिसातील भित्तिचित्राकडे पाठ करून तिकिटे घेता येतात. चौदा ते अठरा या वयातील मुलाला मात्र आपल्या वर्गाकडे जाण्याचा मार्ग निवडता येत नाही. शाळेतील भित्तिचित्र हे त्या अर्थाने पाठ्यपुस्तकाच्या जवळचे असते. ते सक्तीचे वाचन असते, फरक इतकाच की त्याचा तास वेळापत्रकात कोठेही नसतो.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या रिचमंड भागात जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूल ही शाळा १९३६ साली सुरू झाली. टिमथी फ्लूगर या वास्तुविशारदाने रचलेल्या या इमारतीच्या दर्शनी दालनात आणि जिन्यात व्हिक्टर अर्नॉटोफ या चित्रकाराने त्याच वर्षी वॉशिंग्टनचे जीवन १३ फलकांत रंगविले. सुमारे १६०० चौरस फूट भिंत व्यापणारी ही मालिका महामंदीच्या काळात बेरोजगार कलावंतांना काम देणाऱ्या सरकारी योजनेच्या पैशातून साकार झाली. तीच मालिका नष्ट करण्याचा ठराव शहराच्या शिक्षण मंडळाने २५ जून २०१९ रोजी एकमताने संमत केला. पुढे तो बदलला, न्यायालयात गेला आणि अखेर बारगळला. ठरावाच्या बाजूने व विरोधात अमेरिकेत विपुल लिहिले गेले. या लेखनाचा बराचसा भाग कलास्वातंत्र्य विरुद्ध अस्मिता अशा ठराविक चौकटीत अडकला. चित्र काय सांगते, कोणाला सांगते आणि कोणाच्या वतीने सांगते, हे प्रश्न त्यात मागे पडले. प्रस्तुत लेखाचा रोख त्या प्रश्नांकडे आहे.

चित्रकार आणि त्याची घडण

अर्नॉटोफचा जन्म १८९६ साली तत्कालीन रशियन साम्राज्यात झाला. झारच्या घोडदळात आणि क्रांतीनंतरच्या यादवीत श्वेत सैन्यात त्याने नोकरी केली. पराभवानंतर तो चीनमध्ये गेला आणि मांचुरियातील सत्ताधीश सेनापतीच्या घोडदळाला शिक्षण देऊ लागला. १९२५ मध्ये चित्रकलेच्या शिक्षणासाठी तो सॅन फ्रान्सिस्कोला आला. १९२९ मध्ये मेक्सिकोत जाऊन त्याने दिएगो रिव्हेराचा साहाय्यक म्हणून काम केले. कुएर्नाव्हाका येथील कोर्तेसच्या प्रासादात रिव्हेराने स्पॅनिश विजेत्यांचा क्रूर इतिहास रंगविला, त्या कामात अर्नॉटोफचा हात होता. एखाद्या राष्ट्राचा इतिहास जेत्यांच्या वास्तूच्याच भिंतीवर जितांच्या बाजूने रंगविता येतो, हा धडा त्याने तेथे घेतला असावा, असे पुढील काम पाहता वाटते.

१९३१ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला परतला. १९३४ मध्ये कॉइट टॉवरमधील भित्तिचित्रांच्या सामूहिक प्रकल्पाची तांत्रिक जबाबदारी त्याच्याकडे होती. तेथील त्याच्या 'सिटी लाइफ' या चित्रात शहरातील रस्त्यावर भरदिवसा लूट चालली आहे आणि वर्तमानपत्रांच्या मांडणीवर डाव्या विचारांची नियतकालिके ठळक दिसतात. श्वेत सैन्यातला हा अधिकारी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. कलावंत हा समाजाचा टीकाकार असतो, अशी त्याची धारणा होती. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याने १९३८ पासून सुमारे पाव शतक अध्यापन केले. १९५५ मध्ये तत्कालीन उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे उपहासचित्र काढल्यामुळे त्याला नोकरीवरून काढण्याची मागणी झाली आणि पुढच्या वर्षी अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे त्याला उभे राहावे लागले. १९६३ मध्ये तो सोव्हिएत संघात परतला, तेथे त्याने भव्य मोझेक चित्रे केली आणि १९७९ मध्ये त्याचे निधन झाले. इतिहासकार रॉबर्ट चर्नी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रग्रंथामुळे या आयुष्याचा तपशील आता अभ्यासकांना उपलब्ध आहे.

अर्थात चित्रकाराचा हेतू चांगला होता एवढ्याने चित्राचा अर्थ ठरत नाही. मालिकेच्या समर्थकांनी अर्नॉटोफच्या डाव्या विचारांचा दाखला वारंवार दिला. चरित्राचे असे प्रशस्तिपत्र समीक्षेत फार दूर नेत नाही. चित्रातच काही असेल तर ते चित्रात दाखवावे लागते.

माध्यमाविषयी थोडेसे

या वादाचे एक मूळ माध्यमात आहे. मराठी वाचकाला भित्तिचित्र म्हटले की अजिंठा आठवते. अजिंठ्याची चित्रे कोरड्या झालेल्या गिलाव्यावर बंधकमिश्रित रंगांनी काढलेली आहेत. अर्नॉटोफने वापरलेली पद्धत इटलीतून आलेली व रिव्हेराने पुनरुज्जीवित केलेली 'बुओन फ्रेस्को' ही होय. तीत चुन्याचा गिलावा ओला असतानाच केवळ पाण्यात कालविलेले रंग त्यावर लावतात. चुना हवेतील कर्बद्विप्राणिद वायू शोषून कठीण होत जातो आणि रंगाचे कण त्या स्फटिकांत कायमचे बंदिस्त होतात. गिलावा ओला असेपर्यंतच काम होत असल्याने चित्रकार दिवसाला पुरेल एवढाच तुकडा लावून घेतो. आज चुकले तर उद्या सुधारता येत नाही, तो तुकडा खरवडून काढावा लागतो.

अशा चित्रात रंग हा भिंतीवरचा थर राहत नाही, भिंतच रंगीत होते. कॅनव्हासप्रमाणे ते उतरवून संग्रहालयात नेता येत नाही. शक्य झाले तरी ते अतिशय खर्चिक आणि धोक्याचे असते, आणि येथे तर जिन्याच्या चढाशी व दालनाच्या खांबांशी रचना जुळविलेली आहे. त्यामुळे शिक्षण मंडळापुढे 'हलविणे' हा मधला मार्ग व्यवहारात नव्हता. ठेवणे, झाकणे अथवा नष्ट करणे एवढेच पर्याय उरले होते. वादाला जी धार आली तिचा काही भाग चुन्याच्या या रसायनात आहे.

दोन फलक

मालिकेतील बहुतेक फलकांविषयी कोणाची तक्रार नव्हती. तरुण वॉशिंग्टनची लष्करी सेवा, बोस्टनमधील असंतोष, व्हॅली फोर्जच्या हिवाळ्यात गारठलेले सैन्य हे प्रसंग अमेरिकन शालेय इतिहासात रूढ आहेत. अर्नॉटोफने त्यांतही नायकापेक्षा गर्दीला अधिक जागा दिली आहे. वाद झाला तो मुख्यतः दोन फलकांविषयी.

पहिला फलक वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्याचा. वॉशिंग्टनच्या जन्माची द्विशताब्दी १९३२ मध्ये देशभर थाटात साजरी झाली होती आणि त्या काळच्या शालेय पुस्तकांत माउंट व्हर्नन म्हणजे सभ्य गृहस्थाचे टुमदार घर, एवढेच चित्र असे. अर्नॉटोफच्या फलकात घर मागे गेले आहे आणि घरधनी बाजूला. मध्यभागी व अग्रभागी कृष्णवर्णीय गुलाम राबत आहेत. त्यांच्याबरोबर गोरे मजूरही कामाला आहेत. प्रेक्षकाची नजर प्रथम राबणाऱ्या देहांवर पडते आणि तेथून प्रवास करीत मालकाकडे जाते. चरित्रमालिकेतील चरित्रनायकच कडेला उभा करणे ही रचनेची चूक असू शकत नाही. सगळे धन कोठून आले हे दृष्टीच्या त्या प्रवासातूनच सांगितले गेले आहे.

या मांडणीमागील वस्तुस्थिती आज सर्वमान्य आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर १७४३ मध्ये, वयाच्या ११व्या वर्षी, वॉशिंग्टन गुलामांचा मालक झाला. १७९९ मध्ये तो वारला तेव्हा माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते, त्यांपैकी १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे होते. मृत्युपत्रात त्याने या १२३ जणांच्या मुक्ततेची तरतूद केली, परंतु ती पत्नीच्या मृत्यूनंतर अमलात यावयाची होती. पत्नीने ती आधीच, १ जानेवारी १८०१ रोजी, अमलात आणली. १९३६ च्या शाळेत हे कोणी शिकवीत नव्हते, भिंत मात्र ते दाखवीत होती.

येथे महाराष्ट्राशी असलेला एक धागा नोंदविणे अस्थानी होणार नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी तरुणपणी वॉशिंग्टनचे चरित्र वाचले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी आणि गुलामगिरी मोडणारे लोक हे दोन्ही आदर्श एकोणिसाव्या शतकातील मराठी मनात एकाच देशातून आले. माउंट व्हर्ननचा फलक त्या दोहोंतील अंतर एका चौकटीत आणून ठेवतो. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेशी परिचित असलेल्या वाचकाला या फलकाचा आशय समजण्यास विलंब लागणार नाही.

दुसरा फलक अधिक कठीण आहे. त्यात वॉशिंग्टन अन्य राष्ट्रनेत्यांसमवेत उभा आहे आणि पश्चिमेकडे बोट दाखवीत आहे. त्या दिशेने बंदुकधारी वसाहतकर्त्यांची रांग निघाली आहे. भोवतालचा फलक रंगांत असताना ही रांग तेवढी करड्या छटांत आहे, जणू प्रेतयात्रा. आणि त्यांच्या वाटेत, फलकाच्या अग्रभागी, एक मूळ अमेरिकी पुरुष पालथा, मृत पडलेला आहे. ती रांग त्याला ओलांडून पुढे जाते.

वाङ्मयीन परिभाषेत बोलायचे तर हा फलक म्हणजे व्याजोक्ती होय. राष्ट्रपित्याचे बोट, त्या बोटाची आज्ञा आणि त्या आज्ञेची किंमत ही तीन पदे एका रेषेत ठेवली आहेत. पश्चिमेकडील विस्तार ही ओसाड भूमीवरची शौर्यगाथा होय, या समजुतीवरचा हा घाव आहे. इतिहासही चित्राच्या बाजूने साक्ष देतो. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या आदेशाने सेनापती सलिव्हनने इरोक्वॉय संघाच्या प्रदेशात मोहीम काढली, चाळीसहून अधिक वस्त्या आणि उभी पिके जाळली. इरोक्वॉय लोकांत वॉशिंग्टनला ज्या नावाने ओळखत त्याचा अर्थ 'गावे उद्ध्वस्त करणारा' असा होतो. २०२२ मध्ये या वादावर निघालेल्या माहितीपटाला हेच नाव देण्यात आले.

चित्राची मर्यादा

येथवर मालिकेचे समर्थक जे म्हणतात ते मान्य करावे लागते. मात्र त्यांचे विवेचन येथेच थांबते आणि खरी अडचण यापुढे सुरू होते.

व्याजोक्तीला जाणता श्रोता लागतो. जे रूढ आहे त्याचा संस्कार ज्याच्या मनावर आधीच आहे त्यालाच त्याच्या उलट्या मांडणीचा धक्का बसतो. १९३६ मध्ये अर्नॉटोफच्या मनासमोर जो विद्यार्थी होता तो प्रामुख्याने गोरा होता. त्याचे पूर्वज त्या करड्या रांगेत होते, आणि चित्र त्याला विचारीत होते की ही वाट कशावरून गेली ते तू पाहिलेस का? हा प्रश्न धाडसी आहे, परंतु तो त्यालाच विचारलेला आहे. ज्या मुलीचे पूर्वज त्या पालथ्या देहाच्या जागी होते तिला या चित्रात प्रश्न नाही. तिला ठाऊक नसलेले चित्र काही सांगत नाही आणि जे ठाऊक आहे ते रोज दाखविते.

दोन्ही फलकांतील दुःख भोगणाऱ्या माणसांकडे पुन्हा पाहिले तर हे स्पष्ट होते. गुलाम काम करतात. त्यांच्या हालचालीत बळ आहे, देहात डौल आहे, पण त्यांच्यापैकी कोणी कोणाकडे वळून काही बोलत आहे, नकार देत आहे, पळून जाण्याचा बेत करीत आहे, असे दिसत नाही. माउंट व्हर्ननवरील गुलाम असे करीत होते. १७९६ मध्ये ओना जज ही तरुणी राष्ट्राध्यक्षांच्या फिलाडेल्फियातील निवासस्थानातून पळाली आणि वॉशिंग्टनने प्रयत्न करूनही ती परत हाती लागली नाही. पश्चिमेकडच्या फलकातील माणूस तर पालथाच आहे. अर्नॉटोफच्या भिंतीवर अन्यायाची साक्ष आहे, परंतु अन्याय झालेल्याची जबानी नाही. अन्यायकर्त्याची लाज पुरेपूर आहे, अन्यायग्रस्ताची इच्छा नाही. हे त्या काळच्या पुरोगामी कलेचे एकूणच वैगुण्य होय आणि ते केवळ अमेरिकेपुरते नव्हते.

याच शाळेच्या आवारात दुसरे उदाहरण आहे. क्रीडांगणाच्या भिंतीवर खेळाडूंचे दीर्घ उठावशिल्प आहे. सार्जंट जॉन्सन या आफ्रिकी-अमेरिकी शिल्पकाराने ते १९४२ मध्ये पूर्ण केले. सरकारी कलायोजनेतून कृष्णवर्णीय कलावंताला एवढे मोठे काम मिळणे त्या काळी विरळाच होते. वादाच्या धामधुमीत हे शिल्प मागे पडले. गुलामांचे चित्र कोणी काढले याची चर्चा झाली, त्याच आवारात गुलामांच्या वंशजाने काय घडविले याची झाली नाही.

भिंतीने भिंतीला दिलेले उत्तर

मालिकेवरील आक्षेप २०१९ मध्ये उद्भवलेला नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस, नागरी हक्कांच्या चळवळीने वातावरण तापलेले असताना, शाळेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी या चित्रांविरुद्ध आवाज उठविला होता. आपले पूर्वज भिंतीवर केवळ गुलाम म्हणून का, हा त्यांचा प्रश्न होता. तो वर नोंदविलेल्या मर्यादेवर नेमके बोट ठेवतो. त्यावर निघालेला तोडगा आज पाहता अपूर्व वाटतो. ड्युई क्रम्पलर या तरुण कृष्णवर्णीय चित्रकाराकडे नवी भित्तिचित्रे काढण्याचे काम सोपविण्यात आले. क्रम्पलरने मेक्सिकोला जाऊन तेथील भित्तिचित्रपरंपरेचा अभ्यास केला. म्हणजे ज्या उगमावर अर्नॉटोफ गेला होता त्याच उगमावर तोही गेला. १९७४ मध्ये आफ्रिकी, आशियाई, तसेच मूळ व लॅटिन अमेरिकी वारशावरील त्याचे तीन फलक शाळेत लागले.

क्रम्पलरच्या फलकांत माणसे पालथी नाहीत. ती उभी आहेत, पाहतात, स्वतःच्या नेत्यांसह व प्रतीकांसह येतात. चित्रकलेच्या दृष्टीने त्यांची शैली अधिक उत्कट आणि काही ठिकाणी अधिक घोषणात्मक आहे. अर्नॉटोफच्या थंड, मोजून मापून केलेल्या रचनेपुढे ती कधी भडकही वाटते. परंतु अर्नॉटोफच्या मालिकेवरील सर्वांत समर्थ समीक्षा कोणती, असा प्रश्न केल्यास या तीन फलकांकडेच निर्देश करावा लागेल. एका चित्राने जे सांगितले नाही ते दुसऱ्या चित्राने त्याच छताखाली सांगितले. हे उत्तर पहिले विधान पुसत नाही, त्याला अपुरे ठरविते. २०१९ मध्ये क्रम्पलर अर्नॉटोफच्या मालिकेच्या रक्षणार्थ उभा राहिला. आपली चित्रे त्या चित्रांच्या अर्थाचा भाग आहेत आणि ती नष्ट झाली तर आपलीही नष्ट होतील, असे त्याने बजावले. उत्तर शिल्लक आहे आणि प्रश्न खरवडून टाकला आहे, अशा भिंतीला वाचणार कसे?

२०१९ चा वाद

शाळेला वारसावास्तूचा दर्जा देण्याच्या हालचालींतून हा विषय नव्याने पुढे आला. शिक्षण मंडळाने नेमलेल्या कार्यगटाने २०१९ च्या आरंभी अहवाल दिला. चित्रे गुलामगिरी, वंशसंहार आणि वसाहतवाद यांचे उदात्तीकरण करतात, असा त्याचा अभिप्राय होता. त्यानंतर चित्रे रंगाने पुसण्याचा एकमुखी ठराव झाला. पुसण्याचा अंदाजित खर्च, पर्यावरणविषयक आढाव्यासह, सहा लाख डॉलरच्या घरात होता. शेकडो अभ्यासक व कलावंतांनी निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. याच शाळेचे माजी विद्यार्थी असलेले अभिनेते डॅनी ग्लोव्हर यांनी चित्रे राखण्याची बाजू घेतली. १३ ऑगस्ट २०१९ रोजी मंडळाने ४ विरुद्ध ३ मतांनी आधीचा निर्णय बदलून चित्रे पुसण्याऐवजी फलकांनी झाकण्याचे ठरविले.

कार्यगटाच्या अभिप्रायातील 'उदात्तीकरण' हा शब्द चुकीचा आहे, हे वरील विश्लेषणावरून दिसून येईल. दाखविणे आणि गौरविणे यांतील फरक पुसला की समीक्षेचा पायाच जातो. उद्या कत्तलीचे प्रत्येक चित्र कत्तलीचे समर्थन ठरेल. मात्र शब्द चुकला म्हणून वेदना खोटी ठरत नाही. या शाळेतील मुले एकमेकांना भेटीची जागा सांगताना 'मेलेल्या इंडियनपाशी' असे सांगत, ही गोष्ट त्या वेळी वारंवार नोंदविली गेली. व्याजोक्तीचे काय होते ते या एका शब्दप्रयोगात दिसते. ऐंशी वर्षांच्या सवयीने वंशसंहाराचा आरोप खूण म्हणून वापरला जाऊ लागला, जसा एखादा खांब किंवा पाण्याचा नळ. मूळ अमेरिकी कुळातील विद्यार्थी त्या गर्दीत उभा राहून हे ऐकत असेल तर त्याला चित्रकाराचा हेतू समजावून सांगणे ही सहानुभूती नव्हे.

चित्राच्या बाजूने लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांनी हेच केले. आक्षेप घेणाऱ्यांना चित्र वाचता येत नाही, त्यांना व्यंग्य कळत नाही, असा सूर त्यांच्या लेखनात होता. हा सूर अन्यायकारक तर आहेच, शिवाय तो भलत्याच माणसाला दोष देतो. चित्र वाचावयास शिकविण्याचे काम ज्या संस्थेचे होते तिने ते केले का, हा खरा प्रश्न होय. एका शिक्षिकेने नववीच्या ४९ विद्यार्थ्यांकडून या चित्रांविषयी निबंध लिहून घेतले तेव्हा त्यांपैकी केवळ ४ जणांनी चित्रे काढून टाकावीत असे लिहिले, अशी बातमी आली होती. समर्थकांनी हा आकडा बहुमताचा पुरावा म्हणून मिरविला. अल्पसंख्याकांच्या दुखावलेपणाचा निकाल बहुमताने लावणे युक्त नव्हे. त्या बातमीत अधिक लक्ष देण्याजोगी गोष्ट दुसरी होती: कोणीतरी शिक्षकाने विद्यार्थ्यांना चित्रासमोर उभे केले, पाहावयास लावले आणि लिहावयास लावले. असे काही घडणे हीच बातमी व्हावी, यावरून एरवी काय घडत नव्हते ते कळते.

अमेरिकेत भित्तिचित्रांवर कुऱ्हाड उगारण्याचे प्रकार पूर्वीही झाले. रिव्हेराचे रॉकफेलर सेंटरमधील चित्र १९३४ मध्ये फोडण्यात आले, कारण त्यात लेनिन होता. सॅन फ्रान्सिस्कोतीलच रिंकन येथील टपाल इमारतीत आंतोन रेफ्रेझिए याने काढलेल्या २७ फलकांवर १९५३ मध्ये संसदीय समितीपुढे सुनावणी झाली. ते फलक वाचले. या दोन उदाहरणांशी २०१९ चा ठराव समान लेखण्याचा मोह अनेकांना झाला. परंतु तेथे चित्र डाचत होते ते धनिकांना आणि सत्ताधाऱ्यांना, येथे ते डाचत होते चित्रात मारल्या गेलेल्यांच्या नातवंडांना. साधन तेच असले तरी ते कोणाच्या हातात आहे याचा विचार समीक्षेला टाळता येत नाही. तसेच, ते साधन तेच आहे, याचाही.

पुढचा घटनाक्रम कलाविचाराच्या दृष्टीने फारसा फलदायी नाही. माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने दावा दाखल केला. जुलै २०२१ मध्ये न्यायालयाने मंडळाचा निर्णय रद्द ठरविला, तोही कलास्वातंत्र्याच्या मुद्द्यावर नव्हे. राज्याच्या पर्यावरण कायद्यानुसार पर्यायांचा आढावा आधी घेऊन निर्णय नंतर करावयास हवा होता, मंडळाने निर्णय आधीच करून टाकला, हे कारण होते. दरम्यान जानेवारी २०२१ मध्ये मंडळाने वॉशिंग्टन व लिंकन यांच्यासह ४४ शाळांची नावे बदलण्याचा ठराव केला आणि एप्रिलमध्ये तो मागे घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी मंडळाच्या तीन सदस्यांना परत बोलाविले. त्यामागे साथीच्या काळात शाळा बंद राहिल्याचा रोषही मोठा होता. त्याच वर्षी चित्रे झाकण्याचा निर्णय मंडळाने सोडून दिला. पडदा कधी बसलाच नाही.

भिंत आणि वर्ग

वादाच्या निमित्ताने सुचविलेल्या उपायांत माहितीफलक, अभ्यासक्रमात समावेश, नव्या चित्रांची भर असे पर्याय होते. यांपैकी माहितीफलकावर अवाजवी भिस्त ठेवली जाते. जिन्यात धावणारी मुले तो वाचणार नाहीत. आणि व्याजोक्ती समजावून सांगणारी पाटी लावली की व्याजोक्ती उरत नाही, उरते ते चित्राच्या वतीने केलेले स्पष्टीकरण. अभ्यासक्रमाचा पर्याय अवघड आहे, कारण त्यासाठी शिक्षकाला चित्र, इतिहास आणि समोर बसलेल्या मुलांची कुळे या तिन्हींचे भान एकाच वेळी ठेवावे लागते. माउंट व्हर्ननच्या फलकाखाली उभे राहून ओना जजची हकीकत सांगणे, सलिव्हनच्या मोहिमेचे आदेश वाचून पश्चिमेकडच्या फलकाकडे पाहणे, अर्नॉटोफच्या दालनातून क्रम्पलरच्या फलकांपर्यंत चालत जाऊन दोहोंत कोण कोणाकडे पाहते याची नोंद करावयास सांगणे, ही कामे एका तासात होणारी नव्हेत. त्यांत एखादा विद्यार्थी मध्येच उठून, आपल्याला हे पाहावयाचे नाही, असे म्हणण्याची शक्यता असते. त्याला बाहेर जाऊ देणे हाही त्या तासाचाच भाग मानावा लागेल.

नववीत दाखल होणारी प्रत्येक नवी तुकडी आजही त्याच दालनातून आत येते. वॉशिंग्टनचे बोट पश्चिमेकडे आहे, करडी माणसे चालत आहेत, आणि त्यांच्या पायांखाली जो आहे त्याचे नाव चित्रात कोठेही लिहिलेले नाही.